दोन पिवळे दिवे आणि 22 अँपिअरचा डायनॅमो

काकांची मागणी सरळ होती. "पुढं दोन मोठे हॅलोजन मार. धुकं फाडून निघालं पाहिजे."

गाडी 1975 ची प्रीमियर पद्मिनी. काका तिला अजून फियाटच म्हणतात. दरवर्षी गणपतीला ते याच गाडीने कोल्हापुरातून वैभववाडीजवळच्या गावी जातात. गगनबावड्यापर्यंतचे 55 किलोमीटर कुणीही डोळे झाकून जाईल. त्यापुढे करूळ नाहीतर भुईबावडा, त्या वर्षी जो घाट चालू असेल तो, आणि भाद्रपदातल्या पहाटे दोन्हींत धुकं सारखंच. गेल्या वर्षी काकांनी धुक्यात अप्पर मारला आणि काचेपुढे जणू पांढरी चादर धरली गेली. मग पुतण्या डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून "काका, उजवीकडं, उजवीकडं" असं ओरडत राहिला आणि घाट उतरला. घरी पोचल्यावर काकूंनी सांगितलं, पुढच्या वर्षी एसटीने जायचं. काकांच्या मागणीची निकड तिथून आली.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा डिकीत खोकंही होतं. त्यात 100 वॅटचे दोन दणदणीत गोल दिवे, कुणीतरी 'रॅलीचे' म्हणून गळ्यात मारलेले. ते बसवायला अर्धा दिवस पुरला असता. पण त्याआधी आहे ते दिवे कसे चालतात ते बघायचं ठरवलं. दिव्यांचं बहुतेक काम तिथंच झालं.

आहे त्या दिव्यांचं काय

हेडलाइटचे बल्ब जुन्या पद्धतीचे, 45/40 वॅटचे, म्हणजे अप्परला 45, डिपरला 40. इंजिन जरा वर ठेवून मल्टिमीटर बॅटरीवर धरला, 13.4 व्होल्ट. तोच मीटर हेडलाइटच्या होल्डरवर धरला, 11.1. मधले 2.3 व्होल्ट वाटेत जिरत होते. पन्नास वर्षांच्या तारा, खडूसारख्या पांढऱ्या चिनी मातीच्या फ्यूजांचे काळवंडलेले चिमटे, आणि सगळ्यात जास्त स्टिअरिंगजवळचा लाइटचा स्विच. हेडलाइटचा सगळा करंट त्या एवढ्याशा स्विचमधून जातो, कारण त्या काळी रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावण्याची पद्धत नव्हती.

2.3 व्होल्ट म्हणजे फार नाही, असं वाटतं. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण साडेतीनाव्या घाताने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के जातो. काकांच्या गाडीत हिशेब मांडला तर बल्ब द्यायला हवा त्याच्या निम्माच उजेड देत होता. काका वर्षानुवर्षं अर्ध्या उजेडात गाडी चालवत होते आणि दोष डोळ्यांना देत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं, तरी रात्री दिसेना म्हणून डॉक्टरांवर नाराज!

आमचे वायरमन मामा असल्या गाड्यांवरच म्हातारे झालेत. मीटर बघून ते एवढंच म्हणाले, "दिवं वाढवू नका, आधी हाय त्यांस्नी जेवू घाला."

आणखी एक गोष्ट निघाली. पूर्वी कुणीतरी चौकोनी दिवे लावले होते आणि हेडलाइटच्या तारेवर सोलून टॅप मारला होता. दिवे गेले, टॅप राहिला. टेप वितळून तार उघडी पडलेली, शेजारी पेट्रोलची नळी. हे मी काकांना दाखवलं, काकूंना नाही.

अप्परला एक, डिपरला एक असे दोन रिले बसवले. बॅटरीवरून नवी अडीच चौरस मिलिमीटरची तार, प्रत्येक रिलेला 15 अँपिअरचा वेगळा फ्यूज, आणि जुनी तार फक्त रिलेला इशारा देण्यापुरती. आता होल्डरवर 12.9 मिळतात. बल्ब तेच, काच तीच. काकांनी संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारली आणि येऊन विचारलं, "नवे बल्ब कुठले टाकलेस?"

इथं बरेच जण वेगळी वाट धरतात, 100/90 चा बल्ब टाकतात. दोन्ही अप्पर मिळून 200 वॅट, म्हणजे जवळपास 17 अँपिअर, तेही त्याच जुन्या स्विचमधून. होल्डर वितळतो, स्विच जातो, आणि तार आधीच उपाशी असल्यामुळे उजेड त्या मानाने वाढतच नाही.

डायनॅमोची थाळी

रिलेने व्होल्ट वाचतात, पण ते निर्माण करत नाहीत. या गाडीला वीज बनवायला नव्या गाड्यांसारखा आल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे, आणि तो उत्तम अवस्थेत जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो. शिवाय इंजिन आयडलला आलं की कटआउट, म्हणजे डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, सुटतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो. म्हणजे तेव्हा डायनॅमो काही देत नाही, सगळा भार बॅटरीवर. नव्या गाडीच्या सवयीने जुन्या गाडीला दिवे लावणारे नेमके इथं फसतात.

पावसातल्या रात्रीचा खर्च कागदावर मांडला. पार्किंग, टेललाइट, नंबरप्लेट, मीटरचे बल्ब मिळून अडीच अँपिअर. डिपर 80 वॅट, पावणेसात. इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल अंदाजे तीन, वायपर तेवढेच. झाले सव्वापंधरा. त्यात काकांचे 100 वॅटचे दोन दिवे घातले तर आणखी साडेसोळाहून जास्त. बेरीज 32 च्या आसपास, हातात 22, तेही इंजिन फिरत असेल तर. घाटात पुढे ट्रक अडकला आणि वीस मिनिटं उभं राहावं लागलं, तर पुढचा प्रवास ढकलत.

55 वॅटचे दोन फॉगलॅम्प धरले तर नऊ अँपिअर वाढतात आणि बेरीज साडेचोवीसच्या जवळ जाते. हेही जास्तच. पण धुकं खरोखर दाट असताना, गाडी अगदी हळू चालवताना डिपर बंद करून पार्किंग आणि फॉग एवढंच ठेवलं, तर खर्च पावणेअठरा. बसला हिशेब. सुदैवाने डोळ्यांनाही तेव्हा तेच हवं असतं.

आल्टरनेटर बसवून टाका, असं सांगणारे भेटले. अनेक जुन्या फियाट आणि अँबॅसिडर अशा चालतात आणि मला त्यात काही पाप दिसत नाही. काकांना दिसतं. विषय संपला.

फाडणारा दिवा आणि पसरणारा दिवा

'धुकं फाडणं' ही कल्पनाच चुकीची आहे, हे काकांच्या गळी उतरवायला चहाचे तीन कप लागले. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. दिव्याचा झोत जितका जोरदार आणि जितका डोळ्यांच्या रेषेजवळ, तितका तो थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. अप्पर मारल्यावर चादर दिसते ती त्यामुळे. लांब पल्ल्याचा दिवा, ज्याला ड्रायव्हिंग लाइट म्हणतात, तो अरुंद झोत सरळ लांब फेकतो. निपाणीकडच्या सरळ रस्त्यावर, कोरड्या रात्री, समोर कुणी नसताना तो छान. धुक्यात तो म्हणजे अप्परचा थोरला भाऊ.

फॉगलॅम्पचा झोत वेगळा असतो. आडवा, रुंद, फार लांब न जाणारा, आणि वरची कडा सुरीने कापल्यासारखी सपाट. त्या कडेच्या वर उजेड जवळजवळ नसतो. दिवा खाली बसवला की उजेड रस्त्यालगत राहतो, डोळे त्या थराच्या वरून बघतात, आणि रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दिसतो. धुक्यात आपल्याला तेवढंच हवं असतं. शंभर मीटरवरचं काहीही कुठल्याही दिव्याने दिसणार नाही.

कायद्याचा मुद्दाही होताच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 111 व्या नियमाप्रमाणे गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय लावता येत नाही, आणि परवानगीही अपवादात्मक कारणासाठीच. रस्त्यावर काय काय लावून गाड्या फिरतात ते आपण रोज बघतो. तरी मी काकांना हे सांगितलं. काका आयुष्यभर शिक्षक, नियम म्हटल्यावर त्यांचा आवाज खाली आला. खोकं पुन्हा डिकीत गेलं.

दिवे मात्र गाडीला शोभायला हवे होते. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी जोडी मिळाली. गोल, क्रोमची कडा, आत एच 3 बल्ब. जोडी म्हणून विकत होता, पण एकाच्या काचेवर उभ्या बारीक रेघा आणि दुसऱ्याची काच जवळपास सपाट. उभ्या रेघा उजेड आडवा पसरवतात, म्हणजे तो फॉगचा. सपाट काच म्हणजे लांब पल्ल्याचा. बाहेरून डबा अगदी सारखा. कंपन्या एकाच डब्यात दोन्ही प्रकार करायच्या. ल्युकासच्या 576 मालिकेत 'एसएफटी' म्हणजे फॉग आणि 'एसएलआर' म्हणजे लाँग रेंज, अक्षरं न वाचता घेतलं तर गोंधळ ठरलेला. युरोपीय मान्यतेच्या दिव्यांवर काचेतच खूण असते, इंग्रजी बी असेल तर फॉग, एचआर असेल तर लांब पल्ल्याचा हॅलोजन. मी रेघांचा घेतला, सपाट काचेचा तिथंच ठेवला आणि जुळा शोधण्यात आणखी दोन रविवार घालवले.

एलईडी का नाही, हा प्रश्न वाचणारे विचारतीलच. खरं सांगायचं तर डायनॅमोच्या दृष्टीने एलईडी हेच शहाणपणाचं उत्तर आहे. वरची कडा नीट कापलेला, मान्यतेची खूण असलेला एलईडी फॉगलॅम्प हॅलोजनच्या निम्म्याहून कमी विजेत काम करतो. पण बाजारात स्वस्तात मिळते ती पट्टी. तिला ना कडा ना आकार, चहूकडे निळसर पांढरा भडिमार. आणि जुन्या हॅलोजनच्या डब्यात एलईडी बल्ब घालणं तर त्याहून वाईट. रिफ्लेक्टर बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, उजेडाची जागा मिलिमीटरभर हलली तरी झोत विस्कटतो. काकांना चांगला एलईडी दाखवला होता. ते म्हणाले, "फियाटला मोबाइलची बॅटरी लावल्यागत दिसतंय."

पिवळ्या रंगावरून मात्र मी हरलो. पिवळा उजेड धुकं भेदतो ही समजूत खरी नाही. धुक्याचे थेंब बहुधा दहा-वीस मायक्रॉनचे, उजेडाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. इतक्या मोठ्या थेंबांना सगळे रंग सारखेच, म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. पिवळ्या काचेने निळा भाग गळून जातो, काही जणांच्या डोळ्यांना चकाकी कमी वाटते, एवढंच. त्या बदल्यात थोडा उजेड कमी होतो. फ्रान्सने 1936 मध्ये कायदा करून पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि 1993 मध्ये ती सक्ती सोडली, धुकं दोन्ही काळात तेवढंच होतं. हे सगळं काकांनी ऐकून घेतलं आणि पिवळेच बल्ब आणले. नुकसान फारसं नाही, म्हणून मीही गप्प बसलो. गाडीच्या तोंडावर शोभतात मात्र.

भोक न पाडता

काकांची अट होती, बंपरला भोक नाही. या अटीमागे मनसुबा होता. गाडी पन्नाशीची झाली. 2021 मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, शुल्क 20,000 रुपये. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही. काका भारावले होते. मग मी त्यांना पुढचं कलम वाचून दाखवलं, अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे गणपतीला गावी जाणं बंद. 'व्हीए'चा विचार त्याच दिवशी मागे पडला. भोक न पाडण्याची अट मात्र टिकली, आणि ते बरंच झालं.

बंपर चेसिसला धरणाऱ्या बोल्टांवरच पट्टी धरली. उद्यमनगरात पाच मिलिमीटर लोखंडाची एल आकाराची पट्टी वाकवून घेतली. पहिल्या पट्टीचा खालचा पाय लांब निघाला, इंजिन चालू केल्यावर दिवा थरथरायला लागला. ती परत नेऊन पाय चार सेंटिमीटर कापला. थरथरणारा दिवा असला की झोत नाचतो आणि काही महिन्यांत बल्बची तार तुटते.

दिवे बंपरच्या खाली, जमिनीपासून मध्य 42 सेंटिमीटर. फॉगलॅम्प 25 सेंटिमीटरपेक्षा खाली नको, कारण गतिरोधक आणि चिखल, आणि 80 पेक्षा वर नको. काकांना ते जाळीपुढे हवे होते, रॅलीतल्या फोटोसारखे. पण जाळीपुढचा दिवा रेडिएटरची हवा अडवतो, आणि येताना घाट चढायचा आहे.

जुन्या दिव्यांबाबत आणखी एक. ते उभे बसवायचे की टांगायचे, हे डब्यावर ठरलेलं असतं. उलटा टांगला तर पाणी निघण्याचं खालचं भोक वर येतं आणि दिव्यात तळं साचतं, शिवाय काचेची नक्षी उलटी होऊन झोतही बिघडतो. आमचे उभे बसायचे होते, म्हणून पट्टीचा पाय खालून वळवून घेतला.

वायरिंगमध्ये नवं काही नाही, फक्त आळस नको. बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून अडीचची तार रिलेच्या 30 नंबरला, 87 मधून दोन्ही दिव्यांना. 85 अर्थला. 86 ला इशारा पार्किंगच्या तारेवरून, मध्ये डॅशबोर्डखाली लपवलेला छोटा स्विच. अशा जोडणीमुळे पार्किंग बंद केलं की फॉगही बंद, विसरून बॅटरी उतरायची भीती नाही. रिलेची कॉइल जेमतेम दीड दशांश अँपिअर घेते, जुन्या तारेला त्याचं ओझं नाही. तार मोटारीचीच घ्यायची. घरच्या वायरिंगचा उरलेला तुकडा मामांनी हातात घेतला आणि न बोलता बाजूला फेकला, कारण तिचं आवरण तेलात आणि उष्णतेत टिकत नाही.

अर्थ बंपरवर सोडायचा नाही. क्रोम, रंग आणि गंज यांच्यातून करंट जायला कुरकुरतो. दोन्ही दिव्यांची अर्थची तार वेगळी आणून चेसिस घासून, दातेरी वॉशर घालून आवळली, वर व्हॅसलीन. जाऊन-येऊन पाच मीटर तारेत नऊ अँपिअरला तीन दशांश व्होल्ट पडतात, चालण्यासारखं आहे. बाजारच्या तयार किटमधली एक चौरस मिलिमीटरची तार वापरली असती तर पाऊण व्होल्टहून जास्त पडले असते, म्हणजे उजेडाचा जवळपास पाचवा हिस्सा तारेतच गेला असता.

भिंतीसमोर

संध्याकाळी गाडी शाळेच्या भिंतीपासून आठ मीटरवर उभी केली, टायरमध्ये हवा पूर्ण, काका स्वतः सीटवर, कारण त्यांच्या वजनाने गाडी किती बसते तेही मोजायचं होतं. भिंतीवर खडूने 42 सेंटिमीटरची रेघ आणि तिच्या खाली 16 सेंटिमीटरवर दुसरी. झोताची वरची कडा या दुसऱ्या रेघेवर आणली, म्हणजे दर शंभर मीटरला दोन मीटर उतार. या हिशेबाने ती कडा जमिनीला 21 मीटरवर टेकते.

काकांना हा आकडा आवडला नाही. "एवढंच दिसणार?" मग वेगाचा हिशेब काढला. ताशी 30 किलोमीटरला, ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला तर आठ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर चारही ड्रमब्रेक थांबवेपर्यंत नऊ मीटर. एकूण सतरा. ताशी 40 ला हीच बेरीज साडेसव्वीस होते, म्हणजे दिसण्याच्या पलीकडे. मामांनी पांढऱ्या रंगाने स्पीडोमीटरच्या काचेवर 30 च्या समोर बारीक टिंब दिलं. नख लावलं की निघतं, म्हणून काकांनी चालवून घेतलं.

मागच्या बाजूचं मी तेव्हाच बोललो होतो. या गाडीचे टेललाइट पाच वॅटचे, धुक्यात मागून येणाऱ्याला ते दिसले तर दिसले. मागे 21 वॅटचा एक लाल फॉगलॅम्प लावू, पावणेदोन अँपिअर वाढतील, डायनॅमोला झेपेल. काका म्हणाले, मागचं मागचा बघेल. शेवटी बंपरच्या आतल्या बाजूला लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवण्यावर तडजोड झाली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे पाचला निघाले. गगनबावड्याच्या पुढे धुकं लागलं. सांगितल्याप्रमाणे आधी डिपर आणि फॉग, मग दाट झाल्यावर डिपर बंद. पुतण्याने फोनवर सांगितलं ते असं, चादर गेली नाही, पण ती कमरेपर्यंत वर उचलल्यासारखी झाली आणि खालून पट्टा दिसत राहिला. या वेळी त्याला खिडकी उघडावी लागली नाही. घाटाच्या मध्यावर ट्रक अडकला होता, दहा-बारा मिनिटं थांबावं लागलं. लाल दिवा लागल्यावर काकांनी फॉग बंद करून पार्किंग तेवढं ठेवलं. गाडी पुढे एका सेल्फला सुरू झाली.

पण त्या थांब्यातच मागून एसटी आली. ड्रायव्हरला फियाट दिसली ती अगदी जवळ आल्यावर, आणि त्याने हॉर्न आणि ब्रेक एकदमच मारले. काही झालं नाही. काकू मागच्या सीटवर होत्या.

विसर्जन करून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी काका आले. डिकी उघडली, 100 वॅटचं खोकं बाहेर काढून माझ्या माळ्यावर टाकलं आणि विचारलं, मागच्या लाल दिव्याला भोक न पाडता पट्टी कुठं धरता येईल. मागच्या बंपरचे बोल्ट गंजून धरले आहेत. सध्या त्यांवर रोज थोडं डिझेल सोडतोय.